पोराबाळांना घेऊन वाई आणि कृष्णाकाठ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही वाईचे, त्यामुळे सुट्ट्या लागल्या की नातेवाइकांचे, मित्रांचे आणि मित्रांच्या मित्रांचे निरोप सुरू होतात. प्रश्न दरवर्षी तेच असतात. एकदाच नीट लिहून ठेवले की मलाही पुन्हा पुन्हा टाइप करावं लागणार नाही. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे फक्त त्याचा क्रमांक दिला आहे.

१. कृष्णाकाठ म्हणजे नेमका कुठला भाग धरायचा?

कृष्णा क्षेत्र महाबळेश्वरला उगम पावते आणि थेट बंगालच्या उपसागराला मिळते. अरबी समुद्र डोंगरापलीकडे हाकेच्या अंतरावर असताना ही बाई पाठ फिरवून चौदाशे किलोमीटर चालते, हे मुलांना नकाशावर जरूर दाखवा. इथे मात्र धोम धरणापासून मेणवली, वाई, लिंब आणि माहुलीपर्यंतचाच पट्टा धरला आहे. हा सगळा सातारा जिल्हा. धोम ते वाई जेमतेम आठ-नऊ किलोमीटर, मेणवली मधेच, आणि वाईपासून सातारा पस्तीसेक किलोमीटर.

२. यायला सगळ्यात चांगले दिवस कोणते?

दिवाळीनंतर ते फेब्रुवारी अखेर. नदीला पाणी असतं आणि ते शांत असतं, ऊन सोसवतं, सकाळी धोमच्या जलाशयावर धुकं असतं. जानेवारीत आजूबाजूला हुरडा मिळतो आणि वर पाचगणी-भिलारकडून स्ट्रॉबेरी उतरलेली असते. शनिवार-रविवार टाळता आला तर फारच उत्तम. उन्हाळ्यासाठी प्रश्न १३ आणि पावसाळ्यासाठी प्रश्न १४ पाहा.

३. पुण्या-मुंबईहून कसं यायचं? एसटीने जमेल का?

पुण्याहून वाई साधारण नव्वद किलोमीटर. महामार्गाने खंबाटकी घाट ओलांडायचा आणि सुरूर फाट्याला उजवीकडे वळायचं. खंबाटकीत सुट्टीच्या सकाळी हमखास कोंडी होते, म्हणून सहाच्या आत पुणं सोडा. ज्या मुलांना गाडी लागते त्यांना घाटाच्या आधी पोटभर खाऊ घालू नका. दरवर्षी कोणीतरी हे करतं आणि मग गाडी धुवायची जागा विचारायला मला फोन येतो.

एसटीने अगदी जमतं. स्वारगेटहून वाईला गाड्या आहेत. महिलांना अर्धं तिकीट, ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना मोफत आणि लहान मुलांना अर्धं असल्यामुळे आजी, आई आणि दोन मुलं असा गोतावळा स्वस्तात येतो. आजी-आजोबांचं ओळखपत्र सोबत ठेवा. वाईला रेल्वे नाही. वाठार आणि सातारा ही जवळची स्टेशनं, पण तिथून पुन्हा रस्त्यानेच यावं लागतं. वाईत उतरल्यावर गणपती घाट चालत गाठता येतो. मेणवली-धोमसाठी रिक्षा ठरवा आणि परतीचं भाडं आधीच बोलून घ्या.

४. एका दिवसात वाई, मेणवली, धोम, पाचगणी, महाबळेश्वर आणि मॅप्रो होईल का?

गाडीच्या काचेतून होईल.

खरं सांगायचं तर हा प्रश्न वाचला की माझा जीव खालीवर होतो. मुलं असतील तर एका दिवसात तीन जागा पुरेत. सकाळी धोम, मग मेणवली आणि ऊन कललं की वाईचा गणपती घाट. क्रम हाच ठेवा, कारण धोमचं देऊळ आणि पाणी सकाळच्या कोवळ्या उन्हात पाहायचं असतं, तर वाईचा घाट संध्याकाळी. पाचगणी वाईपासून पसरणी घाटाने बाराच किलोमीटर असली तरी तो वेगळा दिवस आहे. मुक्काम करणार असाल तर दुसऱ्या दिवशी जा.

५. वाईच्या ढोल्या गणपतीचं दर्शन झालं. त्यापलीकडे मुलांना काय दाखवायचं?

देवळाची पाठ. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये हे देऊळ बांधलं ते ऐन नदीकाठी, पुराच्या तोंडावर. म्हणून मागची भिंत माशाच्या आकाराची, मधोमध निमुळती केली. पुराचा लोंढा तिच्यावर येऊन दोन बाजूंना फाकतो आणि देऊळ टिकतं. घाटावर उभं राहून मुलांना हे दाखवा आणि मग पाण्यात दगड ठेवून धार कशी फाकते ते त्यांनाच करून पाहू द्या. आमच्या घरातल्या सगळ्या मुलांनी विज्ञानाचा पहिला धडा इथे गिरवला आहे.

मूर्ती एकाच दगडातली, चांगली पुरुषभर उंचीपेक्षा मोठी. शेजारच्या काशी विश्वेश्वराच्या देवळातला नंदी गुळगुळीत काळ्या दगडाचा आहे. त्याच्या गळ्यातल्या घंटांची माळ मोजायला लावा, दहा मिनिटं शांतता लाभते. वाईत घाटांना आळ्यांची नावं आहेत: गणपती आळी, मधली आळी, धर्मपुरी, गंगापुरी, ब्राह्मणशाही, रामडोह. एकामागून एक घाट चालत पाहायचे असतील तर तासभर हाताशी ठेवा.

६. मेणवलीत नक्की काय आहे? वाडा आतून बघता येतो का?

मेणवली हे नाना फडणवीसांचं गाव. नदीकाठी त्यांचा वाडा आणि वाड्यामागे चंद्रकोरीसारखा वळलेला दगडी घाट आहे. माझ्या मते सगळ्या कृष्णाकाठावर मुलांसाठी याहून चांगली जागा नाही. पायऱ्या रुंद आहेत, झाडांची सावली आहे, आणि वाईच्या वरच्या अंगाला असल्यामुळे पाणी त्यामानाने स्वच्छ आहे.

घाटावर मेणेश्वराचं देऊळ आणि त्याच्या शेजारी एका छोट्या घुमटीत मोठी घंटा टांगलेली आहे. ती मुळात चर्चची. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यांतली ही एक. तिच्यावर मेरी आणि बाळ येशूची आकृती आहे. ती शोधायला मुलांना सांगा, पण टोल देऊ देऊ नका.

वाडा खासगी मालकीचा आहे. आत चौकांमागून चौक आहेत आणि भिंतींवर जुनी चित्रं आहेत. माणूस असला तर थोडी फी घेऊन दाखवतात, नसला तर दार बंद. त्यामुळे 'वाडा दाखवतो' असं मुलांना आधी कबूल करू नका. घाटच बंद असला तर काय, ते प्रश्न १७ मध्ये.

७. धोमला धरण बघायचं की देऊळ?

देऊळ. धरणाच्या भिंतीवर तसंही जाऊ देत नाहीत. धौम्य ऋषींचं हे गाव अशी समजूत आहे, नावही त्यावरूनच. महादेवाच्या देवळासमोर कमळाच्या आकाराचं दगडी कुंड आहे आणि त्यात कासवाच्या पाठीवर नंदी बसवला आहे. कुंडात पाणी भरलेलं असेल तर कासव नंदीला घेऊन पोहतंय असं वाटतं. पाणी नसेल तर मुलांना तो भास होणार नाही, पण कासवाचे पाय नीट बघता येतात. आवारातच नृसिंहाचंही देऊळ आहे.

जलाशयाच्या कडेने बोटिंग कधी सुरू असतं, कधी नसतं. सुरू असेल तर एकच नियम: प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट, आणि मुलांच्या अंगात त्यांच्याच मापाचं. मोठ्या माणसाचं जॅकेट लहान मुलाच्या अंगातून पाण्यात वर निसटतं. मुलांच्या मापाचं नसेल तर बोट नाही. नावाडी 'काही होत नाही' म्हणाला तरी नाही.

हिवाळ्यात काठावर दुर्बीण आणाच. पाणकावळे, बगळे, खंड्या, शेपूट हलवणारा धोबी हे सहज दिसतात.

८. मुलांना नदीत उतरू द्यावं का?

घाटाच्या शेवटच्या कोरड्या पायरीवर बसून पाय बुडवायला हरकत नाही, पण तुमचा हात मुलाच्या दंडाला हवा. पोहायला नाही. याची कारणं सविस्तर देतो, कारण 'गुडघाभरच तर पाणी आहे' हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे.

पहिलं म्हणजे शेवाळ. पाण्याखालच्या दोन-तीन पायऱ्या बारा महिने बुळबुळीत असतात. आमच्या एका पाहुण्याची चप्पल तिथे गेली, चप्पल धरायला तो गेला, आणि त्याला धरायला आम्ही तिघं. सगळे वाचलो, चप्पल माहुलीला पोचली असावी. दुसरं म्हणजे डोह. जुन्या घाटांपुढे नदी खोदत जाते, त्यामुळे पायऱ्या संपल्या की तळ एकदम खोल जातो. रामडोह हे नाव उगाच पडलेलं नाही.

तिसरं कारण बाहेरच्या माणसाला माहीतच नसतं: आवर्तन. शेतीसाठी धोममधून ठरावीक पाळीने पाणी सोडतात, त्याला आवर्तन म्हणतात. आभाळात ढग नसताना, भर एप्रिलमध्येसुद्धा नदीची पातळी वाढू शकते. मधल्या खडकांवर डबा घेऊन बसू नका. पाणी गढूळ झालं, काडीकचरा वाहून येऊ लागला की लगेच वर या. पावसाळ्यात धरण भरल्यावर दरवाजे उघडतात, तेव्हा भोंगा वाजवतात आणि गावोगाव निरोप जातात.

आणि कालवा. धोमचे डावा आणि उजवा असे दोन कालवे शेतांमधून जातात. निळंशार, संथ दिसणारं ते पाणी नदीपेक्षा धोकादायक असतं. अस्तर केलेल्या उतारावर पाय ठरत नाही आणि धरायला काही नसतं. कालव्याच्या कडेला मुलांना खेळायला सोडू नका. इतकं कडक मी दुसऱ्या कुठल्याच प्रश्नाला सांगत नाही.

९. कृष्णेत मगरी आहेत म्हणतात. खरं का?

आहेत, पण खाली सांगलीकडे. भिलवडी, औदुंबर त्या पट्ट्यात काठावर ऊन खात पडलेल्या मगरी लोक नेहमी पाहतात. तिकडे औदुंबरला किंवा नृसिंहवाडीला दर्शनाला गेलात तर घाट सोडून झाडीच्या, गाळाच्या काठाने मुलांना फिरवू नका. वाई-मेणवलीत घाबरायचं ते प्रश्न ८ मधल्या गोष्टींना.

१०. मुलं घाटावर कंटाळतात. खेळायला काही आहे का?

पाळणे, घसरगुंड्या नाहीत, आणि ते बरंच आहे. चपटे दगड गोळा करून पाण्यावर भाकऱ्या उडवा. माझा विक्रम सातचा आहे, भाचीचा नऊचा. पायऱ्यांच्या दगडांत कोरलेली फुलं, पावलं, अक्षरं शोधा. पळसाच्या पानाच्या होड्या सोडा, प्लास्टिकच्या नकोत. कंटाळली तर थोडी कंटाळू द्या, अर्ध्या तासाने त्यांचं तेच काहीतरी सुचतं. मोबाइल मात्र गाडीत राहू द्या, तुमचासुद्धा.

११. लिंबची बारामोटेची विहीर बघायला सहा वर्षांच्या मुलीला न्यावं का?

जरूर न्या, हात धरून. साताऱ्याजवळ महामार्ग सोडून लिंब गावात गेलं की शेतात ही विहीर आहे. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ दरम्यान वीरूबाई भोसले यांनी ती बांधवली. एका वेळी बारा मोटा चालायच्या म्हणून हे नाव. वरून पाहिलं तर अष्टकोनी मोठी विहीर आणि तिला जोडून लांबट भाग, शिवलिंगासारखा आकार. मधे चक्क महाल आहे. विहिरीच्या पोटात खोली, कमानी, शिल्पं आणि उन्हाळ्यातही गारवा.

मोट म्हणजे काय हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. बैलांनी ओढायची चामड्याची मोठी पिशवी, ती विहिरीतून पाणी उपसून वरच्या पाटात ओतायची. वर मोटा बसवायच्या जागा अजून आहेत. त्या दाखवून सांगितलं तर पटकन कळतं.

धोका एकच, वरचा काठ. विहीर शंभर फुटांच्या वर खोल आहे आणि सगळीकडे कठडा नाही. वर फोटो काढताना मुलीला दुसऱ्या मोठ्या माणसाकडे द्या. पळणारं, न ऐकणारं मूल असेल तर फक्त पायऱ्यांनी आत नेऊन आणा.

१२. आजींचे गुडघे दुखतात आणि बाळ बाबागाडीत आहे. जमेल का?

बाबागाडी विसरा. घाटावर ती उचलूनच फिरवावी लागते, बाळाला झोळीत किंवा कडेवर घ्या. आजींसाठी ढोल्या गणपती बरा, गाडी जवळ जाते आणि देवळाजवळ बसता येतं. मेणवलीत घाटापर्यंत थोडं चालणं आणि उतरणं आहे. आजींनी वर झाडाखाली बसावं, तिथूनही नदी दिसते. लिंबची विहीर त्यांना वरूनच. स्वच्छतागृहाची सोय घाटांवर धरून चालू नका. वाईत हॉटेलात जेवाल तेव्हाच सगळ्यांना जाऊन यायला सांगा.

१३. आम्हाला मे महिन्याचीच सुट्टी असते. मग?

या, पण वेळापत्रक बदला. सकाळी साडेसहा ते दहा आणि संध्याकाळी पाचनंतर बाहेर, मधल्या वेळात सावलीत झोपा. वाईजवळ नदीला या दिवसांत पाणी कमी आणि जलपर्णी जास्त, वासही येतो. लपवण्यात अर्थ नाही. म्हणून उन्हाळ्यात मेणवली आणि लिंबची विहीर यांवर भर द्या. दुपारची पाचगणी गार वाटेल, पण मे महिन्यात पसरणी घाटात गाड्यांची रांग लागते, तेव्हा सकाळीच वर चढा. दगडी पायऱ्या बाराला तव्यासारख्या तापतात. देवळात चपला काढाव्या लागतात, म्हणून मुलांना मोजे घाला.

१४. पावसाळ्यात नदी बघायला आणू का मुलांना?

लांबून. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, वाईत त्याच्या पाव हिश्श्याइतकाही नाही. त्यामुळे वाईत नुसती भुरभुर असताना वरून आलेल्या पाण्याने नदी दुथडी असू शकते. मोठ्या पुरात ढोल्या गणपतीच्या देवळात पाणी शिरतं. तेव्हा पुलावरून किंवा घाटाच्या वरच्या पायरीवरून पाहा आणि निघा.

जुलै-ऑगस्टमध्ये धोमच्या पलीकडे, जोर खोऱ्याकडे धबधबे शोधत जाऊ नका. जुलै २०२१ मध्ये त्याच बाजूला, जोर आणि कोंढावळ्याकडे दरडी कोसळून माणसं गेली. सप्टेंबरच्या मध्यानंतर मात्र सगळं हिरवंगार, पाऊस उघडलेला आणि गर्दी बेताची असते. माझा स्वतःचा आवडता महिना तोच.

१५. जेवायचं कुठे? घाटावर डबा खाल्ला तर चालतो का?

मेणवलीत झाडाखाली डबा खायला हरकत नाही. मांसाहार आणि दारू घाटावर अजिबात नाही. खरकटं नदीत टाकू नका, 'माशांना' म्हणूनसुद्धा नाही. वाईत साधी खाणावळ शोधा, पिठलं-भाकरी आणि ठेचा मिळतो. मुलांसाठी ठेचा वेगळ्या वाटीत मागा. परतताना वाईच्या बाजारातून हळद आणि साताऱ्याच्या बाजूने जाणार असाल तर कंदी पेढे घ्या. स्ट्रॉबेरी घेताना वरचा थर बघून भुलू नका, खोका उलटा करून खालची बघा.

१६. नेमके यात्रेच्या दिवसांत आलो तर?

तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, घोळ करू नका.

मांढरदेवीच्या काळूबाईची यात्रा पौषात, शाकंभरी पौर्णिमेला. २००५ मध्ये तिथे चेंगराचेंगरीत शेकडो माणसं गेली. तेव्हापासून बंदोबस्त खूप वाढला आहे, तरी लहान मुलांना त्या दिवसांत गडावर नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. एरवी कधीही जा, वरून वाई खोरं सुंदर दिसतं.

बावधनचं बगाड, म्हणजे नवस फेडणाऱ्याला उंच लाकडाला बांधून मिरवायचा गाडा, रंगपंचमीला. बैलांच्या जोड्या लावून ओढलेलं ते प्रचंड लाकडी बगाड मुलं विसरत नाहीत. पण गर्दी आणि बिथरलेले बैल यांमुळे मुलांना घेऊन रस्त्यावर उभं राहू नका. ओळखीच्या कुणाची गच्ची मिळाली तरच.

कृष्णाबाईचा उत्सव मात्र मुद्दाम गाठावा असा. हिवाळ्याच्या शेवटी वाईत घाटाघाटावर पाळीपाळीने कृष्णाबाई बसते. कृष्णा ही इथे नुसती नदी नाही, माहेरवाशिणीसारखी देवी आहे. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी केलेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला असं सांगतात. कीर्तन, मंडप, प्रसाद, आणि कुणीही पंगतीला बसू शकतं. तुमच्या तारखेला कुठल्या घाटाची पाळी आहे ते वाईत कुणालाही विचारा.

१७. मेणवलीला गेलो तर शूटिंग चालू होतं, घाटावर सोडलं नाही. असं करू शकतात का?

होतं असं. हा घाट आणि वाई परिसर हिंदी-मराठी चित्रपटांना फार आवडतो. परवानगी घेऊन शूटिंग असेल तर काही तास वाट अडवतात. वाद घालण्यापेक्षा 'जेवणाची सुट्टी कधी?' असं विचारा, तेव्हा बहुतेक वेळा आत जाऊ देतात. नाहीच जमलं तर धोम आधी करून या, किंवा लोहारे गावाजवळची बौद्ध लेणी बघा. वाईपासून जवळ आहेत, गर्दी नसते आणि मुलांना अंधाऱ्या खोल्यांत आवाज घुमवायला मिळतो.

१८. कासचं फुलांचं पठार याच ट्रिपमध्ये जोडता येईल का?

दोन मुक्काम असतील तरच. कास साताऱ्याच्या पुढे पंचवीसेक किलोमीटर, म्हणजे वाईहून बराच फेरा. फुलं ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि तीही पावसाच्या मर्जीने. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत कास आल्यापासून गर्दी इतकी वाढली की आता आधी नोंदणी करावी लागते. फुलं अंगठ्याएवढी, कधी त्याहून लहान असतात. चार वर्षांच्या मुलाला ती पायाखाली येतात हे कळत नाही आणि लांबून बघण्यात त्याला रस नसतो. सात-आठ वर्षांपासून पुढे न्या.

१९. मुलाला किल्ला चढायचाच आहे. कुठला सोपा?

सात वर्षांपर्यंत साताऱ्याचा अजिंक्यतारा, गाडी जवळजवळ दारापर्यंत जाते. मग सज्जनगड, तिथे पायऱ्या आहेत आणि वर प्रसाद मिळतो, म्हणजे चढायला कारणही आहे. चांगला चालणारा नऊ-दहा वर्षांचा मुलगा वैराटगड करू शकेल. धोमच्या मागचा कमळगड त्याच्या पोटातल्या गेरूच्या विहिरीमुळे मुलांना फार खुणावतो. पण जंगलातली वाट लांब आहे आणि चुकते. माहीतगार माणूस आणि सोबत भरपूर पाणी असल्याशिवाय नको.

२०. संगम माहुलीला गेलो तर तिथे दशक्रिया विधी चालू होते. मुलं घाबरली. आधी का नाही सांगितलं?

चुकलंच, आता सांगतो. कृष्णा आणि वेण्णा यांचा हा संगम असल्यामुळे तिथे अंत्यविधी, दशक्रिया नेहमी असतात, विशेषतः सकाळी. मुलांना घेऊन जायचं तर दुपारनंतर जा आणि आधी एका वाक्यात सांगून ठेवा: 'इथे लोक आपल्या गेलेल्या माणसांना निरोप द्यायला येतात.' लहान मुलं हे आपल्यापेक्षा सहज घेतात. फोटो काढताना विधी करणारं कुटुंब चौकटीत येणार नाही, एवढं बघा. संगमच हवा आणि बाग, मोकळी जागाही हवी असेल तर कऱ्हाडचा प्रीतिसंगम जास्त सोयीचा. तिथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात आणि मग दोघी मिळून वळतात. यशवंतराव चव्हाणांची समाधीही तिथेच आहे.

२१. आमचा कुत्रा बरोबर आणला तर चालेल का?

घाटावर साखळी लावून चालेल, देवळांच्या आवारात नाही. गावातली कुत्री त्याला पाहून गोळा होतील, म्हणून मेणवलीत त्याला गाडीतून एकदम उतरवू नका. आणि तो सोबत असेल तर माहुलीला नक्की थांबा. तिथे शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची दगडी समाधी आहे. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचा जीव वाचवला अशी गोष्ट सांगतात. आमच्या भाचीने तिथे तिच्या डब्यातलं अर्धं बिस्कीट ठेवलं होतं. आम्ही वळेपर्यंत ते माहुलीच्याच एका जिवंत कुत्र्याने खाल्लं, आणि तिला ते अगदी योग्य वाटलं.